आतड्यातली देवाणघेवाण

लघवीला जळजळ होते म्हणून आलेल्या बाईंचा नमुना आमच्या लॅबमध्ये येतो, तेव्हा त्यातला जिवाणू कुठला हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. बहुतेक वेळा तो ई. कोलाय असतो आणि त्यांच्याच आतड्यातून आलेला असतो. हा जिवाणू बाळ जन्मल्यावर काही दिवसांतच पोटात वस्तीला येतो आणि एरवी कुणाला त्रास देत नाही. मी क्लिनिकल मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. त्या जिवाणूवर कोणतं औषध चालेल हे डॉक्टरांना कळवणं हे माझं रोजचं काम. पण हे काम करताना माझं लक्ष औषधांच्या यादीपेक्षा जिवाणूच्या मूळ पत्त्याकडे जास्त जातं. औषधाला न जुमानण्याची त्याची ताकद बहुधा मूत्राशयात आल्यावर तयार झालेली नसते. बाई ठणठणीत होत्या, स्वयंपाक करत होत्या, ऑफिसला जात होत्या, तेव्हाच ती त्यांच्या आतड्यात येऊन राहिलेली असते.

ही ताकद डोळ्यांनी दिसते. रात्रभर ३७ अंशांवर ठेवलेल्या मॅकॉन्की अगारच्या प्लेटवर सकाळी गुलाबी वसाहती उगवतात. त्यातली एक-दोन टिपून सलाईनमध्ये कालवायची, कापसाच्या बोळ्याने म्युलर-हिंटनच्या फिकट प्लेटवर सारखी पसरायची आणि वर औषध जिरवलेल्या, ६ मिलिमीटर रुंदीच्या कागदी चकत्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती पुरेसं मोठं, स्वच्छ वर्तुळ पडलं तर औषध चालतं. जिवाणू चकतीला खेटून वाढले, तर ते औषध हातचं गेलं. कधी सेफ्टाझिडिमच्या चकतीभोवती जेमतेम वर्तुळ असतं, आणि तेच औषध क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडसह असलेल्या शेजारच्या चकतीभोवती ते ५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त मोठं भरतं. याचा अर्थ हा जिवाणू औषध फोडणारं एन्झाइम बनवतो. रिपोर्टवर आम्ही ‘ईएसबीएल’ असं लिहितो. कधी हॉस्पिटलची पायरी न चढलेल्या माणसांच्या नमुन्यांतही ही प्लेट आता नित्याची झाली आहे. नेहमीच्या बऱ्याच गोळ्या तिथे संपतात आणि साध्या दुखण्यासाठी इंजेक्शनपर्यंत जावं लागतं.

आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आहेत, असा अंदाज इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडला. शरीराच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. यातले बहुतांश जिवाणू मोठ्या आतड्यात असतात, आणि ही दाटी हेच आपलं एक मोठं संरक्षण आहे. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये मधल्या स्टेशनवर नवा माणूस चढू शकत नाही, तसंच बाहेरून आलेल्या जिवाणूला इथे पाय ठेवायला जागा मिळत नाही. शिकागोच्या बोनहॉफ आणि मिलर यांनी १९५०च्या दशकात हे उंदरांवर दाखवलं. उंदराच्या आतड्यात साल्मोनेलाची लागण व्हायला एरवी सुमारे एक लाख जिवाणू लागायचे. आधी स्ट्रेप्टोमायसिन पाजलं, तर दहापेक्षाही कमी पुरे होत. घसा दुखतो म्हणून घेतलेली अँटिबायोटिकची गोळी घशापुरती थांबत नाही. ती आतड्यापर्यंत पोचते, घशाशी काडीचा संबंध नसलेले जिवाणू मारते, आणि ज्यांच्याकडे त्या औषधाचा तोड आहे त्यांच्यासाठी जागा मोकळी करते.

हा तोड एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातो, हे पहिल्यांदा नीट उलगडलं जपानमध्ये. महायुद्धानंतर तिथे शिगेला जिवाणूमुळे होणाऱ्या रक्ताच्या आवेने लोक हैराण होते. आधी सल्फा, मग स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल अशी औषधं आली. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून या चारही औषधांना एकाच वेळी दाद न देणारा शिगेला सापडू लागला. आपोआप होणाऱ्या बदलांनी चार वेगवेगळे गुण एकदम अंगी येणं जवळपास अशक्य. शिवाय त्याच रुग्णांच्या शौचातला साधा ई. कोलायही त्याच चार औषधांना पुरून उरत होता. १९५९ मध्ये ओचिआई आणि आकिबा यांच्या गटांनी दाखवून दिलं की दोन जिवाणू शेजारी वाढवले तर हा गुण एकाकडून दुसऱ्याकडे जातो. त्सुतोमू वातानाबे यांनी १९६३ मध्ये इंग्रजीत सविस्तर आढावा लिहिला, तेव्हा कुठे जपानबाहेरच्या जगाला याची खरी जाणीव झाली.

ही देवाणघेवाण होते प्लाझ्मिडमधून. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राव्यतिरिक्त असलेली डीएनएची छोटी वर्तुळं. एक जिवाणू केसासारखा तंतू पुढे करतो, दुसऱ्याला जवळ ओढतो आणि प्लाझ्मिडची प्रत त्याच्या हवाली करतो. देणाऱ्याची स्वतःची प्रत त्याच्याकडेच राहते, त्यामुळे त्याचं काही कमी होत नाही. घेणारा त्याच जातीचा असावा लागत नाही. माझ्या मते सगळ्यात घातक गोष्ट वेगळीच आहे. एकाच प्लाझ्मिडवर पाच-सहा औषधांचे तोड शेजारीशेजारी बसलेले असू शकतात. मग त्यातलं कुठलंही एक औषध घेतलं, तरी उरलेले सगळे तोडही आयतेच टिकून राहतात. टेट्रासायक्लिनच्या गोळीने सेफ्टाझिडिमसारख्या सेफॅलोस्पोरिन औषधांना होणारा प्रतिकार जपला जातो तो असा.

आतड्यातला हा व्यवहार घातक रोगाच्या जिवाणूपर्यंत पोचतो तेव्हा काय होतं, हे टायफॉइडने दाखवलं. १९७२ मध्ये केरळात कालिकतला क्लोरॅम्फेनिकॉलला न बधणाऱ्या टायफॉइडची साथ आली, तेव्हा दुसरी औषधं हाताशी होती. २०१६ मध्ये सिंधमधल्या हैदराबादेत सुरू झालेली साथ फार वाईट होती. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसुद्धा निकामी झालं, आणि तोंडाने घ्यायच्या औषधांपैकी भरवशाचं ॲझिथ्रोमायसिनच उरलं. त्या टायफॉइडच्या जिवाणूने एक नवं प्लाझ्मिड मिळवलं होतं. त्याची जनुकीय मांडणी तपासली, तेव्हा तशीच प्लाझ्मिडं ई. कोलायमध्ये आढळली. त्यावरच्या सीटीएक्स-एम-१५ या ईएसबीएल जनुकाचं पहिलं वर्णन दिल्लीत मिळालेल्या जिवाणूंवरून झालेलं आहे. म्हणजे पोटातल्या निरुपद्रवी रहिवाशांनी जमवलेली शिदोरी टायफॉइडच्या हाती लागली. पाकिस्तानने २०१९ मध्ये टायफॉइडची नवी कॉन्जुगेट लस राष्ट्रीय लसीकरणात आणली, आणि तसं करणारा तो पहिला देश ठरला. आपल्याकडे त्याआधीच, २०१८ मध्ये, नवी मुंबई महापालिकेने ही लस मुलांना द्यायला सुरुवात केली होती. पहिल्या टप्प्यातच एक लाखाहून अधिक मुलांना ती मिळाली. आपल्या राज्यातल्या एका महापालिकेने केलेल्या या कामाची चर्चा फारशी झाली नाही, याचं मला वाईट वाटतं. जो ताप येतच नाही, त्यासाठी अँटिबायोटिकही लागत नाही.

हे जिवाणू आपल्याकडे किती पसरलेत, ते पाहुण्यांवरूनही कळतं. दिवाळीला परदेशातून पुष्कळ मुलं-नातवंडं घरी येतात. नेदरलँड्समध्ये सुमारे दोन हजार प्रवाशांची शौचतपासणी प्रवासाच्या आधी आणि नंतर झाली होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, दक्षिण आशियात जाऊन आलेल्यांपैकी ७५ टक्के लोक ईएसबीएल जिवाणू नव्याने पोटात घेऊन परतले. लागण झालेल्या सगळ्या प्रवाशांपैकी ११ टक्के लोकांकडे तो वर्षभरानंतरही होता. पाहुणा काही आठवड्यांत हे जिवाणू घेऊन जातो, तर आपण बारा महिने इथेच खातो-पितो.

एनडीएम-१ची गोष्ट अनेकांना आठवत असेल. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णामध्ये २००८ साली ते एन्झाइम सापडलं. कार्बापेनेम ही शेवटची राखीव औषधंही ते फोडतं. त्याच रुग्णाच्या शौचातल्या ई. कोलायमध्येही ते मिळालं. नावात ‘न्यू डेल्ही’ आल्यामुळे आपल्याकडे मोठा गदारोळ झाला. पण मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी २०१० मध्येच आपल्या डॉक्टरांच्या नियतकालिकात लिहिलं होतं की, त्यांच्याकडच्या कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या २४ जिवाणूंपैकी २२ मध्ये एनडीएम-१ आहे. २०११ मध्ये दिल्लीच्या रस्त्यांवर साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये हे जनुक मिळालं. आपण नावावरून भांडलो, पाण्याबद्दल बोललो नाही. ते भांडण चुकीच्या जागी होतं, असं माझं ठाम मत आहे. आतड्यातून बाहेर पडलेलं जनुक गटारात जातं, फुटक्या ड्रेनेजमधून नळाला लागतं आणि पुन्हा कुणाच्या तरी आतड्यात शिरतं.

कोंबड्यांच्या खाद्यातूनही हेच होतं. बोस्टनचे डॉ. स्टुअर्ट लेव्ही यांनी एका फार्मवर पिल्लांना टेट्रासायक्लिन मिसळलेलं खाद्य दिलं. आठवड्याभरात पिल्लांच्या आतड्यातले जिवाणू टेट्रासायक्लिनला बधेनासे झाले, आणि काही महिन्यांत त्या फार्मवरच्या माणसांच्या पोटातही तसे जिवाणू वाढले. हे १९७६ साली छापून आलं. माणसांसाठी राखून ठेवलेलं कोलिस्टिन खाद्यासाठीच्या जनावरांना द्यायला भारताने बंदी घातली ती २०१९ मध्ये.

आता वाचकांशी थेट बोलते. पाण्यासारखे जुलाब झाले की आपण केमिस्टकडे जातो आणि नॉरफ्लोक्सॅसिन-टिनिडाझोलच्या दोन गोळ्या मागतो. पाण्यासारख्या जुलाबात बहुतेक वेळा या गोळ्यांची गरज नसते. गरज असते ओआरएसची, आणि लहान मुलांना त्याबरोबर झिंकची. डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत मीठ-साखरेच्या पाण्यावर कॉलराचे रुग्ण वाचवले होते. शौचात रक्त पडत असेल, ताप चढत असेल, बाळ सुस्त झालं असेल, तर तडक डॉक्टरांकडे जा. सर्दीला अँटिबायोटिक मागू नका. ज्या पाकिटावर उभी लाल रेघ आहे ते चिठ्ठीशिवाय घेऊ नका, आणि मागच्या आजारातली उरलेली पट्टी घरात कुणालाही देऊ नका. मुलांना टायफॉइडची लस द्या. आणि मत मागायला दारात येणाऱ्या उमेदवाराला एवढं जरूर विचारा: आपल्या वॉर्डातलं मैलापाणी कुठे जातं, आणि ते नदीत सोडण्याआधी त्यावर प्रक्रिया होते का?