शनवार तेल्यांच्या किनाऱ्यावर तेलाचा सण

मांडव्याच्या धक्क्यावर उतरून किनाऱ्याने अलिबागकडे निघालात, तर वाटेत नवगावला जरूर थांबा. इथे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं जुनं दफनस्थान आणि स्मारक आहे. जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, धर्मग्रंथ बुडाले, अशी त्यांची परंपरा सांगते.

ही माणसं कोकणात तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी मात्र घाणा बंद! म्हणून गावाने त्यांना नाव दिलं ‘शनवार तेली’. गावांवरूनच आडनावं पडली: किहीमकर, नवगावकर, रोहेकर, पेणकर. घरात बोली मराठीच.

ज्यूंचा हनुक्का हा तर तेलाचाच सण. इ.स.पूर्व १६४ मध्ये जेरुसलेमचं मंदिर पुन्हा शुद्ध केलं, तेव्हा एका दिवसापुरतं तेल आठ दिवस जळलं, अशी कथा आहे. त्या आठवणीत, बहुधा डिसेंबरात, आठ रात्री दिवे लावतात आणि तळलेलं खातात. पूर्व युरोपातले ज्यू बटाट्याचे लाटके करतात, मोरोक्कोतले स्फेंज, तर इस्रायलमध्ये जॅम भरलेल्या सुफगानियोत. कोचीच्या ज्यूंकडे तांदूळ-गुळाचे नेय्यप्पम असायचे. आपला अनारसा किंवा येलहंक्यात दिवाळीला होणारा कज्जाय त्यांच्याच जातकुळीतला.

गंमत म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळणाऱ्या शनवार तेल्यांना हा सणच माहीत नव्हता! आपले पूर्वज त्या घटनेआधीच निघाले होते, असं ते सांगत. पुढे कोचीच्या आणि इतर ज्यूंकडून त्यांना हनुक्का कळला. मग त्यांनी तळलं काय? मराठी स्वयंपाकघराला जे येत होतं तेच. आज कित्येक घरांत हनुक्काला गुलाबजाम होतात.

ग्रंथ बुडाले, काही सण विसरले, पण आठवड्याची एक सुट्टी त्यांनी सोडली नाही. त्या धाग्यानेही त्यांची ओळख टिकायला मदत झाली. मोठी शिकवण आहे ही.

अलिबागच्या इस्रायल आळीत १८४८ सालचं ‘मागेन आबोथ’ हे प्रार्थनागृह आहे. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. इथे आता फार थोडी घरं उरली आहेत. डिसेंबरात अलिबागला गेलात, तर किल्ला पाहून झाल्यावर या आळीतूनही एक फेरी मारा.