तेलाचं माप

आमची राजदूत नंदुरबार जिल्ह्यापेक्षा वयाने मोठी. जिल्हा झाला १ जुलै १९९८ला. गाडीच्या पाटीवर अजून धुळ्याचा एमएच-१८ आहे. आप्पा गेल्यावर ती पडवीत उभी राहिली ती राहिलीच. अंगावर कडब्याच्या पेंढ्या चढल्या, सीटवर कोंबड्या बसू लागल्या. गेल्या दिवाळीत आवराआवर करताना हँडल दिसलं. भंगारवाल्याने किलोचा भाव सांगितला. मी म्हटलं, राहू दे.

तेव्हापासून माझे रविवार तिचे. हत्यारांची डबी उघडली तर पान्यांखाली मिरचीचं बी. आप्पा याच गाडीवर पोतं बांधून नंदुरबारच्या मिरची बाजारात जायचे. इतक्या वर्षांनीही नाकाला ठसका बसला. मिस्तरी हसले, ‘‘भाऊ, गाडी बंद पडली, मिरची नाही.’’

राजदूतचा आराखडा मूळचा पोलंडचा, एसएचएल गाडीचा. एस्कॉर्ट्सने ती इथे बनवली आणि खेड्यातल्या दूधवाल्यांनी, शेतकऱ्यांनी आपलीशी केली. इंजिन एका सिलिंडरचं, टू-स्ट्रोक. उघडलं तर लपवण्यासारखं त्यात काहीच नाही. कार्बोरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकट थर वाळला होता. जेटचं भोक सुईच्या अग्राएवढं. ते मोकळं करायला एक दुपार गेली. सायलेन्सर काजळीने तुंबलेला, तो भट्टीत जाळून घेतला. पॉइंटवर गंज होता. पॉलिश पेपर हलकेच फिरवला, फट जुळवली, प्लग इंजिनला टेकवून किक मारली. निळी ठिणगी उडाली. शेजारची पोरं ओरडली. मी गप्प उभा होतो.

अशा गाडीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, कारण पिस्टनला वंगण मिळण्याची दुसरी सोय नाही. आप्पांकडे एक पितळी माप होतं. पंपावर रांग कितीही असो, ते माप भरून, डोळ्यांसमोर धरून, मगच ओतायचे. मागचे लोक हॉर्न वाजवायचे, मला लाज वाटायची. पुढे मी नोकरीला लागल्यावर फोर-स्ट्रोक शंभर सीसी घेतली. १९८५ला हिरो होंडाची सीडी १०० आली तेव्हापासून अशा गाड्यांनी हा व्याप संपवला होता. पेट्रोल भरा आणि निघा. ॲव्हरेज चांगलं, कटकट नाही. ती सोय मला मनापासून आवडली आणि आजही आवडते. पण त्या गाडीबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नाही, कारण तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. राजदूत दर वेळी मागायची. आप्पांना ती पाठ होती, ती त्यामुळेच.

टाकीवर डाव्या अंगाला एक पोचा आहे. तोरणमाळच्या घाटात आप्पा पडले होते त्याचा. डेंटर म्हणाला, अर्ध्या तासाचं काम. रंग दिला, पोचा ठेवला.

नोंदणीचं नूतनीकरण झालं, आता पाच वर्षं चिंता नाही. पितळी माप मात्र सापडलं नाही. सध्या खोकल्याच्या औषधाचं झाकण वापरतो. मागून हॉर्न वाजतात. वाजू देतो, घाईत माप चुकलं तर पिस्टन जाम होतो.