कवट्या कोणाच्या?

"साप दिसला म्हणजे काय होतं हो?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसतं. साप कुठे होता, केवढा होता, तुम्ही पळालात की बघत राहिलात, हेच मी विचारत बसते. लोक वैतागतात. त्यांना स्वप्नफलाच्या पुस्तकातल्यासारखं एका ओळीचं फळ हवं असतं. पण समुपदेशनाला येणाऱ्या एका बाईंच्या स्वप्नात आजी वाटाणे सोलत होती आणि साप तिच्या मांडीवर निवांत पडला होता. भीती वाटली का? "नाही, लाज वाटली," त्या म्हणाल्या आणि स्वतःच चमकल्या. आता ही लाज कुठल्या पुस्तकात शोधायची?

ऐकणाऱ्याची घाई स्वप्नाचा घात करते. 1909 मध्ये अमेरिकेला जाताना बोटीवर मानसतज्ज्ञ फ्रॉइड आणि युंग एकमेकांना स्वप्नं सांगत. युंगच्या स्वप्नात एक घर होतं. वर नटवा दिवाणखाना, खालचा मजला त्याहून जुना, त्याखाली रोमन काळातलं तळघर. तिथल्या फरशीत एक कडी. ती ओढली तर आणखी खाली गुहा, तिच्यात हाडं, फुटकी भांडी, दोन कवट्या. फ्रॉइडनी नेमक्या कवट्याच धरल्या. कोणाच्या? कवट्यांमागे कोणाच्या तरी मृत्यूची इच्छा आहे असं त्यांना ऐकायचं आहे हे ओळखून युंगने ठोकून दिलं, बायकोच्या आणि मेव्हणीच्या! फ्रॉइडना हायसं वाटलं. त्या कडीपाशी मात्र कोणी थांबलं नाही, याची मला अजून चुटपुट लागते.

युंगने त्या घरातून सामूहिक, म्हणजे सगळ्या माणसांत समान असलेल्या, अबोध मनाची कल्पना उभी केली. ती मी जपूनच वापरते. जागेपणी एका बाजूला कललेल्या मनाला स्वप्न दुसऱ्या बाजूने ओढतं, हे त्याचं म्हणणं मला रोजच्या कामात जास्त उपयोगी पडतं. त्याचाच दाखला घ्या. 1938 च्या सुरुवातीला तो भारतात होता, देवळं आणि मूर्ती पाहून भारावलेला. कोलकात्यात आमांशाने रुग्णालयात पडला. बरा होऊन हॉटेलात परतल्यावर स्वप्न पडलं ते इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या बेटाचं, ख्रिस्ती दंतकथेतला पवित्र चषक पोहून आणायचा होता त्याचं. स्वप्नाने आपल्याला युरोपच्या प्रश्नांकडे परत नेलं, असं त्याने नंतर सांगितलं.

हल्ली लोक इंटरनेटवर अर्थ लावूनच स्वप्न आणतात. "बंद दार, म्हणजे माझं आणि आईचं नातं." असेलही. मी विचारते, कडी आतून होती की बाहेरून?