मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू

मुलांनो, मराठीत डोळ्यांच्या दोन दुखण्यांची नावे जोडीने घेतात आणि मोठी माणसेसुद्धा त्यांची गल्लत करतात. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ऑपरेशन केले की बहुतेकांना पुन्हा दिसू लागते. काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस मरते. ती पुन्हा जिवंत होत नाही. आमच्या घरी मोती नावाचा शिह-त्झू जातीचा कुत्रा आहे, नऊ वर्षांचा. नाव मोती, पण दुखणे निघाले काचबिंदूचे.

कोकणात आमच्या आजोळी कुत्रा अंगणात असे. त्याचा डोळा गेला तर "म्हातारा झाला" म्हणत आणि तेवढ्यावर विषय संपे. इथे अश्दोदला मोती माझ्या नातीच्या पलंगावर निजतो, म्हणून तिला लगेच कळले. शुक्रवारी सकाळी तिने हाक मारली, "आजी, ह्याचा डोळा निळा झालाय!" रात्री डोळा चांगला होता. आता डावा डोळा लालभडक, वर निळसर धुके, बाहुली मोठी झालेली. टॉर्च दाखवला तरी ती लहान होईना. कोंबडीचा तुकडा पुढे केला तर मोतीने तोंड फिरवले आणि सोफ्याखाली जाऊन बसला.

शेजारच्या मावशी म्हणाल्या, "अगं, मोतीबिंदू असेल. वय झालं त्याचं." शुक्रवारी दुपारी दवाखाने बंद होतात, पुढे शब्बाथ. रविवारी दाखवू, असे जावयांचे मत पडले. नात ऐकेना आणि मी तिच्या बाजूने झाले.

डॉक्टरीणबाईंनी डोळा बधिर करणारा थेंब टाकून पेनासारखे यंत्र बुबुळाला हलकेच टेकवले. दाब 52 भरला. कुत्र्याच्या डोळ्यात तो साधारण 10 ते 25 असतो. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होते आणि कडेच्या बारीक जाळीतून बाहेर जाते. जाळी बंद झाली, तरी पाणी यायचे थांबत नाही. नळ चालू आणि मोरी तुंबलेली. चाळीत राहिलेल्यांना जास्त सांगायला नको. असा दाब एक-दोन दिवस राहिला तरी दृष्टी कायमची जाऊ शकते. रविवारची गोष्ट त्यात बसत नाही.

मला सर्वांत लागले ते दुसरेच. माणसाचा काचबिंदू बहुधा न दुखता चोरपावलांनी येतो. कुत्र्याचा असा अचानक आलेला काचबिंदू फार दुखतो, अर्धशिशीसारखा. पण कुत्रा रडत नाही. तो जास्त निजतो, खात नाही, डोक्याला हात लावू देत नाही, आणि आपण त्याला म्हातारपण म्हणतो.

औषधांनी दाब उतरला, पण डाव्या डोळ्याची नजर आली नाही. पुढे दाब पुन्हा चढू लागला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तो डोळा काढून टाकायचा सल्ला दिला. घरात दोन दिवस वाद झाला. जावई म्हणाले, "दिसायला वाईट दिसेल, असू दे तसाच." मी म्हटले, न दिसणारा डोळाही दुखतोच, आणि मोती काही आरशात बघत नाही. डोळा काढला. टाके सुटायच्या आधीच तो चपला पळवू लागला.

ज्या जातींत हे दुखणे वंशाने येते, त्यांत दुसरा डोळाही पुढेमागे धरला जातो. शिह-त्झू, कॉकर स्पॅनियल, छोटे पूडल ही त्यातलीच. म्हणून मोतीच्या उजव्या डोळ्यात रोज थेंब जातात आणि दाब वेळोवेळी मोजतात. गळ्यातला पट्टा काढून छातीचा घातला, कारण गळा ओढला की डोळ्यातला दाब वाढतो. नुसते भुरकट डोळे पाहून मात्र घाबरू नका. सात-आठ वर्षांनंतर कुत्र्याच्या दोन्ही डोळ्यांत सारखीच निळसर झाक येते. ते वयाचे भिंग, त्याला दिसत असते. एकच डोळा लाल, धुरकट आणि बाहुली मोठी झाली, तर त्याच दिवशी निघा.

आता आजी-आजोबांना एक सांगते. मलाही काचबिंदू आहे आणि माझे औषध मोतीच्याच जातीचे. पण आपली बाटली कुत्र्याच्या डोळ्यात आपल्या मनाने रिकामी करू नका. डोळ्यातले भिंग जागेवरून सरकले असेल, छोट्या टेरियर कुत्र्यांत ते पुष्कळदा होते, तर त्याच थेंबांनी दुखणे वाढते. आणि तुमच्या घरात कोणाला काचबिंदू असेल तर मुलाबाळांचा डोळ्यांचा दाब मोजून घ्या. माणसांतही तो वंशाने येतो.

आमच्या फ्रिजच्या दारात दोन बाटल्या असतात. नातीने त्यांवर मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत, "आजी" आणि "मोति". ऱ्हस्व-दीर्घ मी दुरुस्त केले नाही. रात्री आठ वाजता आधी मोती, मग मी.