सुकाणूच्या दोन तारा

सुरतेत उत्तरायणाच्या आदल्या रात्री घरोघरी किन्ना बांधायची बैठक बसते. माझे माहेर येवल्याचे. आम्ही भावंडे तिला पतंगाचे मंगळसूत्र म्हणत असू. नाव कोणतेही घ्या, गाठ बोटभर सरकली की पतंगाची चाल बदलते. राइट बंधूंनीसुद्धा १८९९ साली आधी पतंगच उडवला, चार दोऱ्यांनी पंख पिळता येतील असा. म्हणून आमच्या चिरंजीवांनी रिमोटवर उडणारे बाल्सा लाकडाचे विमान जुळवायला घेतले, तेव्हा मला सर्वांत कौतुक वाटले ते त्याच्या सुकाणूच्या तारांचे.

विमानाच्या पोटात एक चिमुकली सर्व्हो मोटर असते. तिच्यापासून दोन पोलादी तारा शेपटीवरच्या सुकाणूपर्यंत जातात. दोन कशाला? तार ओढू शकते, ढकलू शकत नाही. एकीने ओढले की दुसरीने तेवढेच सोडायचे. त्यासाठी मोटरीच्या आडव्या पट्टीवरच्या दोन भोकांतले अंतर आणि सुकाणूच्या पट्टीवरचे अंतर सारखे हवे. शिवाय सुकाणूची भोके नेमकी बिजागरीच्या रेषेवर हवीत. ती मागेपुढे झाली की वळताना ताण बदलतो. तारा पोटात एकमेकींना ओलांडून नेल्या तर शेपटीपाशी सरळ बाहेर पडतात. मग दिशा उलटी होते, ती रिमोटवर सुलटी करून घ्यायची.

खरी पंचाईत ताणाची. मुलाने तारा एकतारीसारख्या गच्च केल्या. मोटर जागच्या जागी गुणगुणू लागली. विमान जमिनीवर, नि बॅटरी खाणे चालूच!

आबा, म्हणजे माझे सासरे, कोपऱ्यातून पाहत होते. उधन्याला लूम्सच्या खात्यात त्यांची तीस वर्षे गेली. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून बोलणेही आटले होते. नातू गुजराती माध्यमातला, त्याला आजोबांची अहिराणी निम्मीच कळते. (आपल्याकडे किती घरांत हेच असेल!) आबा उठले, तारेखाली करंगळी घातली, डोळे मिटले. ताण्याचे सूत जोखलेले बोट ते.

"जास्ती ताणू नको रे भाऊ, तुटी जाई."

मुलाने या वेळी मला अर्थ विचारला नाही. टोकाचा स्क्रू अर्धा-अर्धा आटा सैल करत गेला. सुकाणूला झोल नाही नि मोटर गप्प, तिथे आबांनी हात वर केला. तारेचे टोक नुसत्या गाठीने टिकत नाही. ते पितळी नळीतून दोनदा ओवून नळी पक्कडीने दाबावी लागते. आबांचा हात थरथरतो, ते काम नातवाने केले.

सुरतेचा विमानतळ शहराला लागूनच, म्हणून उडवायला नवापूरकडे नातलगांच्या शेतावर गेलो. तेच नवापूर, ज्याच्या स्टेशनाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत. विमानाने पहिले वळण झकास घेतले. ऊन चढल्यावर आबांनी ते उतरवायला लावले नि पुन्हा करंगळी घातली.

हल्ली मुलगा आधी स्वतःची करंगळी घालतो, मग विचारतो, "आबा, झोल शे का?"