हिशेबनिसाचे राज्य

मराठीत राज्य 'येते'. लपंडाव असो, विषामृत असो की डबा ऐसपैस, राज्य कुणावर तरी येते; आपणहून ते कोणी मागत नाही. मोठ्यांच्या जगातही याहून फार वेगळे घडत नाही. माझे वडील ३० एप्रिल १९६० च्या रात्री मुंबई राज्यात झोपले आणि सकाळी महाराष्ट्रात उठले. शाळेत झेंडावंदन झाले, पेढा मिळाला, एवढेच त्यांना आठवते. त्या राज्यासाठी ज्यांनी किंमत मोजली ती माणसे वेगळी होती. दहा वर्षांच्या मुलावर ते नुसते आले. माझ्यावर तर जन्मतःच आले. आणि बेळगाव-निपाणीकडून पुण्यात शिकायला येणाऱ्या मुलांवर जे आले आहे, त्याचा निवाडा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या दाव्यात अडकलेला आहे. दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत ही मुले ८६५ गावांच्या यादीत आपले गाव शोधतात आणि दाखला जोडतात. राज्य ही गोष्ट इतकी अंगाला चिकटलेली असते, की ती दुकानातल्या कापडासारखी हाताळून, उलटसुलट करून निवडता येईल ही कल्पनाच आपल्याला शिवत नाही.

म्हणून गेल्या पावसाळ्यात माझी भाची म्हणाली, "मामा, परीक्षेच्या आधी मला राज्य निवडायचंय," तेव्हा ती काय म्हणते आहे हे समजून घ्यायला मला वेळ लागला.

तिची गोष्ट थोडक्यात अशी. बी.कॉम. झाले, एम.कॉम. झाले. मधल्या काळात सीएच्या इंटरचा एक गट सुटला, दुसरा तीनदा राहिला. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत तिने घालवलेली वर्षे आमच्या घरात कोणी मोजत नाही. मोजली तर बोलावे लागेल. आता ती खराडीतल्या एका कचेरीत अमेरिकन माणसांची आयकर विवरणपत्रे तयार करते. जानेवारी ते १५ एप्रिल हा तिचा सुगीचा हंगाम. त्या काळात घरातले लग्नमुहूर्तसुद्धा तिच्याकडे पाहून काढावे लागतात. तिथे वर सरकायचे तर अमेरिकेतली सीपीए ही पात्रता हवी. २०२० पासून ही परीक्षा भारतात बसून देता येते, त्यापूर्वी तिच्यासाठी विमानाने परदेशी जावे लागे. शुल्क, शिकवणी, कागदपत्रे असा सगळा मिळून खर्च चार लाखांच्या घरात जातो. माझ्या बहिणीने ठेव मोडली आहे, त्यामुळे ह्या वेळी 'राहिली' हा शब्द कोणालाच ऐकायचा नाही.

परीक्षा सगळ्या अमेरिकेत एकच आहे. तीन पेपर सक्तीचे, चौथा तिघांतून निवडायचा, प्रत्येक चार तासांचा, उत्तीर्ण व्हायला पंचाहत्तर. ही रचना जानेवारी २०२४ पासूनची. परवाना मात्र अमेरिका देत नाही. तो राज्य देते. पन्नास राज्ये, शिवाय राजधानीचा जिल्हा आणि प्वेर्तो रिको, गुआम असे प्रदेश धरून पंचावन्न अधिकारक्षेत्रे, आणि प्रत्येकाचे स्वतंत्र मंडळ. उमेदवाराने अर्जच मुळी एखाद्या मंडळाकडे करायचा असतो. प्रश्नपत्रिका एकच, पण तुम्ही तिच्यासमोर बसायला लायक आहात की नाही हे पंचावन्न जणांनी पंचावन्न तऱ्हांनी ठरवायचे. कुठे अमेरिकेचा सामाजिक सुरक्षा क्रमांक लागतो, कुठे लागत नाही. कुठे हिशेबशास्त्राचे विषय इतके हवेत, कुठे तितके. काही ठिकाणी परीक्षेला बसू देतात, पण नंतर परवान्याच्या दारात नवी अट उभी असते. हा शेवटचा प्रकार सर्वांत क्रूर. चारही पेपर सुटलेले, हातात गुणपत्रक, आणि आपल्या राज्याचा परवाना आपल्याला मिळूच शकत नाही असे कळलेली माणसे भाचीच्या कचेरीत आहेत. गुण दुसऱ्या राज्याकडे वळवण्याची सोय असते, पण तिथे पुन्हा त्या राज्याच्या अटी. म्हणून राज्य आधी.

तिने एक तक्ता केला होता. उभ्या रकान्यात मोंटाना, वॉशिंग्टन, कॉलोराडो, अलास्का, गुआम. आडव्या ओळीत अटी. भूगोल शिकवणाऱ्या कोणाही माणसाला तो तक्ता पाहून भरून आले असते. मोंटाना क्षेत्रफळाने महाराष्ट्राहून मोठे, आणि २०२० च्या जनगणनेत तिथली वस्ती अकरा लाखांच्या आतच. गुआम तर पॅसिफिकमधले बेट. १८९८ साली स्पेनकडून अमेरिकेच्या हाती आले. २०२१ मध्ये तेवीस गावे जोडल्यावर पुणे महापालिकेची हद्द जेवढी झाली, साधारण तेवढेच ते आहे. पण तक्त्यात डोंगर नव्हते, समुद्र नव्हता, तिथे चामोरो नावाची भाषा बोलतात हेही नव्हते. होते ते फक्त 'लागते', 'लागत नाही', 'चालेल'.

न पाहिलेल्या गावाचे असणे ही गोष्ट आपल्याला तशी नवी नाही. आडनावातला 'कर' ज्या गावाचा असतो, ते गाव आपल्यापैकी कितीजणांनी पाहिलेले असते? पण त्या गावाने निदान आपल्या एखाद्या पणजोबाला पाहिलेले असते. मोंटानाने आमच्या घरातले कोणीच पाहिलेले नाही.

ज्या कायद्यातून हे सगळे निघाले, तो १७ एप्रिल १८९६ चा न्यूयॉर्क राज्याचा. 'सर्टिफाइड पब्लिक अकाउंटंट' ही पदवी कायद्याने प्रथम तिथे निर्माण झाली. त्या कायद्याला माणूस आपला हवा होता: अमेरिकेचा नागरिक, किंवा नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेला, न्यूयॉर्कमध्ये राहणारा, किंवा तिथे नियमित धंद्याची जागा असलेला, एकवीस वर्षांवरचा आणि चांगल्या चारित्र्याचा. पहिल्या क्रमांकाचे प्रमाणपत्र फ्रँक ब्रोकर ह्यांना मिळाले, ते वर्णानुक्रमात त्यांचे नाव आधी येत होते म्हणून. हिशेबनिसाने शेजारात राहावे, त्याची सही ज्यांच्या उपयोगाची त्यांना तो रस्त्यात दिसावा, अशी काहीतरी समजूत त्या अटींच्या मागे असावी. आज शेजाराची जागा क्रेडिट्सनी घेतली आहे. फ्लोरिडाने १९८३ पासून परवान्यासाठी दीडशे क्रेडिट्सचा नियम आणला आणि मग एकेक राज्य त्या वाटेने गेले. अमेरिकेतली चार वर्षांची पदवी एकशेवीसची. आपली तीन वर्षांची पदवी बहुधा नव्वदच्या आसपास धरतात. (काही मूल्यमापक संस्था महाविद्यालयाला 'नॅक'चा 'अ' दर्जा असेल आणि पदवी प्रथम श्रेणीची असेल, तर तीन वर्षांनाही पूर्ण पदवी मानतात. आम्ही रात्र-रात्र जागून ज्या फायली रचल्या त्यांचा कोणाला तरी, कुठेतरी उपयोग झाला, हे प्राध्यापक वाचकांच्या माहितीसाठी.)

भाचीच्या मूल्यमापनाची बेरीज आली एकशेएकवीस. तो कागद तिने माझ्यापुढे ठेवला. डावीकडे विषय, उजवीकडे क्रेडिट्स आणि श्रेणी. वित्तीय लेखांकन, खर्चलेखांकन, व्यावसायिक कायदा, आणि त्या रांगेत एक ओळ: मराठी, तीन. पहिल्या वर्षाला तिने मराठीचा ऐच्छिक पेपर घेतला होता, मामा मराठीचा म्हणून नव्हे, तर तो 'सोपा जातो' म्हणून. मिळाले होते एकसष्ट. तिथे त्याची 'ए' श्रेणी झाली होती. तीन वजा केले तर एकशेअठरा उरतात, आणि मग परीक्षेला बसताच येत नाही. एम.ए.च्या वर्गात मी गेली वीस वर्षे साहित्याचे प्रयोजन शिकवतो आहे; मम्मटाच्या यादीत हे प्रयोजन नाही.

पण त्या तीन क्रेडिट्ससाठी विषयाचे इंग्रजीतून वर्णन द्यायचे होते. ते काम माझ्याकडे आले. मी बसून वीसएक ओळी लिहिल्या. अभ्यासक्रमात काही कथा, काही कविता, थोडे ललितगद्य आणि उरलेले उपयोजित मराठी: अर्ज, इतिवृत्त, जाहिरात, सारांशलेखन. 'ललितगद्य'पाशी अडलो. 'पर्सनल एसे' म्हणावे तर अर्धे बाहेर राहते, 'क्रिएटिव्ह नॉन-फिक्शन' म्हणावे तर भलतेच आत येते. ह्या एका शब्दावर आमच्या विभागात चर्चासत्र घेता आले असते. भाचीने ते पान वाचले आणि म्हणाली, "मामा, चार ओळी पुरेत रे. जास्त लिहिलंस तर त्यांना शंका येईल." मग कथा गेल्या, कविता गेल्या, ललितगद्यही गेले. भाषा, आकलन, लेखन आणि संज्ञापन उरले. ते खोटे नव्हते. इतिवृत्त लिहिता येणे हेही शिक्षणच आहे, आणि हिशेबनिसाला त्याचा उपयोग आहे. तरी ते चार ओळींचे वर्णन तमिळचे असते, फिन्नीशचे असते तरी चालले असते, हे माझ्या मनातून जात नाही.

ह्याच सुमारास आपल्याकडच्या लेखापरीक्षकांचा इतिहास चाळत होतो, तेव्हा एक तपशील सापडला. १९१३ च्या भारतीय कंपनी कायद्याने लेखापरीक्षकाची पात्रता प्रथम ठरवली आणि प्रमाणपत्र देण्याचे काम प्रांतिक सरकारांकडे गेले. म्हणजे राज्याराज्यांचे परवाने आपल्याकडेही होते. प्रमाणपत्रे दोन प्रकारची. अनिर्बंध प्रमाणपत्र असलेला माणूस सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात काम करू शके. निर्बंधित प्रमाणपत्र असलेल्याला आपल्याच प्रांतात, आणि त्यावर नमूद केलेल्या भाषांतच हिशेब तपासता येत. पुढे १९१८ साली मुंबईत सरकारी लेखाशास्त्र पदविका निघाली. मान्यताप्राप्त लेखापालाकडे तीन वर्षे उमेदवारी आणि मग परीक्षा, की अनिर्बंध प्रमाणपत्राचा मार्ग मोकळा. १९२० मध्ये निर्बंधित प्रमाणपत्रे देणे बंद झाले आणि १ जुलै १९४९ ला चार्टर्ड अकाउंटंट्सची संस्था स्थापन झाली.

प्रमाणपत्रावर भाषा लिहिलेली! तो माणूस डोळ्यांपुढे आणण्याचा मी प्रयत्न करतो. रोजकीर्द, खतावणी, तेरीज हे शब्द आता अकरावी-बारावीच्या 'पुस्तपालन आणि लेखाकर्म'च्या मराठी पुस्तकात उरले आहेत. त्याच्यासाठी ते रोजचे होते. वह्या ज्या भाषेत, त्या भाषेत त्याची नजर चाले, म्हणून त्याला परवाना. त्याची प्रतिष्ठा कमीच असणार. अनिर्बंधवाले त्याला दुय्यम मानत असणार, आणि ते प्रमाणपत्र बंद झाले याची हळहळ वाटून घेण्यात काही अर्थ नाही. त्या माणसाच्या मुलानेही बहुधा इंग्रजी शाळेचीच वाट धरली असेल. मला फरक दिसतो तो दुसरा. त्याच्या कागदावर भाषा ही त्याच्या कामाची हद्द होती, म्हणजे भाषेला काम होते. माझ्या भाचीच्या कागदावर भाषेला वजन आहे, तीन क्रेडिट्सचे. काम काहीच नाही. तीन तर तीन, नाही म्हणायला मी कोण? त्या तिनांवर माझ्या बहिणीची ठेव अवलंबून आहे.

आणखी एक गोष्ट तिला मी विचारली, तिने सरळ उत्तर दिले. हा परवाना मिळाल्यावर पुण्यातल्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या ताळेबंदावर तिला लेखापरीक्षक म्हणून सही करता येईल का? "नाही रे. इथे तो चालत नाही." म्हणजे जिथे ती राहते तिथे तिची सही चालणार नाही, आणि जिथे चालेल तिथे ती राहणार नाही. मला हे विलक्षण वाटले. तिला त्यात काही वाटले नाही. पुण्यात बसून तिथल्या माणसांचे हिशेब ती चार वर्षे करतेच आहे. फक्त खालची सही दुसऱ्याची असते.

तिचा खरा पेच निराळा होता. एकशेएकवीसवर परीक्षेला बसता येईल, पण परवान्याला दीडशे लागतील. म्हणजे आणखी एकोणतीस क्रेडिट्सचा खर्च. त्यातच जानेवारी २०२५ मध्ये ओहायोने कायदा केला, की १ जानेवारी २०२६ पासून पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव एवढ्यावरही परवाना मिळेल. इतर राज्येही त्या बाजूला वळू लागली. तेव्हा आज कोणते राज्य सोयीचे हा प्रश्न पुरेसा नव्हता. ती चार पेपर सोडवून होईपर्यंत कोणते राज्य मऊ होईल, हे ओळखायचे होते. तक्त्यात एक रकाना वाढला. तिच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, त्या रकान्यावर बोट ठेवून विचारले, "आणि नाही बदलला कायदा तर?" त्यावर भाची म्हणाली, "तर एकोणतीस क्रेडिट्स भरीन. पण ह्या वेळी अट आधी माहीत असेल."

सीएच्या तीन वेळांबद्दल ती आमच्यासमोर एवढेच बोलली आहे.

गणपती झाल्यावर तिने मोंटानाकडे अर्ज केला. पहिला पेपर लेखापरीक्षणाचा, मुंबईच्या केंद्रावर. अनुभवाच्या दाखल्यावर परवानाधारक सीपीएची सही लागते. ती तिचे वरिष्ठ करतील. ते मूळचे साताऱ्याचे, परवाना वॉशिंग्टन राज्याचा.