यवतच्या डोंगरावरचे कलादालन

परदेशचा प्रवास करून आलेल्या माणसाला "काय काय पाहिलेत?" असे विचारावे लागत नाही. तो आपण होऊन सांगतो, आणि सांगता सांगता खिशातून फोन काढून दाखवूही लागतो. पूर्वी काशीयात्रा करून आलेली माणसे गंगेचे गडू आणीत; आता संग्रहालयेच्या संग्रहालये फोनमध्ये घालून आणतात. पुण्यामुंबईच्या कितीतरी घरांतून कुणाचा मुलगा, कुणाची सून, कुणाचा भाचा नोकरीनिमित्त जपानात असतो. मग आईवडील पंधरा दिवसांसाठी तिकडे जातात, फुललेली साकुरा पाहतात, फुजी पर्वत नेमका ढगाआड गेला म्हणून हळहळतात, आणि एक दिवस टोकियोतल्या उएनो उद्यानाला देतात.

तो द्यावाच. उएनो म्हणजे कलेची पेठच आहे. एका मोठ्या उद्यानात हाकेच्या अंतरावर चार-पाच संग्रहालये उभी. त्यांतले थोरले टोकियो राष्ट्रीय संग्रहालय. त्याची सुरुवात १८७२ सालच्या एका प्रदर्शनापासून झाली. जुनी इमारत १९२३ च्या भूकंपात खिळखिळी झाली. आजची मुख्य इमारत १९३८ ची. तिच्या शेजारी १९६८ साली उघडलेले आशियाई कलेचे दालन आहे, आणि तेथे गांधार शैलीतले बुद्ध भेटले की परमुलखात आपल्याकडचे कुणी भेटल्यासारखे वाटते.

या दालनांतून एक गोष्ट मला फार आवडली. कागदावरची आणि रेशमावरची जुनी चित्रे तेथे वर्षभर टांगून ठेवीत नाहीत. काही आठवडे ती लोकांना दाखवतात, मग गुंडाळून अंधारात ठेवून देतात आणि त्यांच्या जागी दुसरी मांडतात. उजेडानेदेखील रंग झिजतो म्हणून चित्रांना ही सक्तीची रजा! आपल्याकडे कारकुनाला मिळत नाही इतकी हक्काची विश्रांती तेथे चित्राला मिळते.

त्याच उद्यानात पाश्चात्त्य कलेचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. चंदीगढ वसवणाऱ्या ल कॉर्बुझिएने त्याचा आराखडा केला. त्याच्यामागे एका माणसाच्या हौसेची मोठी कहाणी आहे. कोजिरो मात्सुकाता हा जहाजे बांधणाऱ्या एका कंपनीचा प्रमुख. आपल्या देशातल्या तरुण चित्रकारांना युरोपची खरी चित्रे पाहायला मिळावीत म्हणून त्याने तिकडे जाऊन ढिगाने चित्रे आणि शिल्पे विकत घेतली. पुढे धंदा बसला. लंडनच्या वखारीत ठेवलेला वाटा १९३९ साली आगीत खाक झाला. फ्रान्समधला वाटा महायुद्धानंतर फ्रेंच सरकारने ताब्यात घेतला. त्यातली बरीचशी चित्रे १९५९ मध्ये जपानला परत मिळाली, आणि ती ठेवण्यासाठी हे संग्रहालय उभे राहिले. ते पाहायला मात्सुकाता उरला नव्हता.

अशा वेड्या माणसांची आपल्याकडेही वाण नाही. पुण्याच्या शुक्रवार पेठेत दिनकर गंगाधर केळकर नावाचे चष्म्यांचा व्यवसाय करणारे एक गृहस्थ होते. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा नाद लागला, आणि १९९० साली ते वारले तोवर तो सुटला नाही. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने त्यांनी हा सारा संग्रह उभा केला आणि १९७५ मध्ये महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. वीस हजारांवर वस्तू! दिवे, अडकित्ते, फण्या, वज्र्या, तांब्याची घंगाळी, कोरीव दरवाजे. कोथरूडच्या मस्तानीच्या महालाचे अवशेषदेखील आणून तेथे पुन्हा उभे केले आहेत. दिवाळीच्या दिवसांत मुलांना घेऊन जावे आणि नुसते दिवे दाखवावेत. बाकीचे दुसऱ्या खेपेला. माणसांनी अंधाराशी किती तऱ्हांनी वाटाघाटी केल्या आहेत, ते एका फेरीत कळते.

परंतु जी वस्तू उचलून आणताच येत नाही, तिचे काय? डोंगरच्या डोंगर काही कुणी काचेच्या कपाटात ठेवू शकत नाही. अशी वस्तू पाहण्यासाठी आपणच उठून जावे लागते, आणि त्यासाठी मी वाचकांना यवतला नेणार आहे.

यवत हे दौंड तालुक्यातले गाव. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघावे. हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन मागे टाकावे, की सुमारे ४० किलोमीटरवर ते लागते. पुणे-दौंड लोहमार्गावर त्याचे स्थानकही आहे. बहुतेक मोटारवाल्यांना यवत ठाऊक आहे ते चहापुरते. वारकऱ्यांना मात्र ते नीट ठाऊक आहे. ज्येष्ठ वद्यात तुकोबांची पालखी लोणीचा मुक्काम हलवून यवतला येते आणि त्या रात्री सारे गाव वारकऱ्यांना पिठले-भाकरी वाढते. घरोघरी भाकऱ्या थापल्या जातात आणि मोठमोठ्या कढयांतून पिठले शिजते. ज्याने ते पिठले खाल्ले तो पुढच्या मुक्कामापर्यंत त्याच्याविषयी बोलत राहतो.

भोवतालचा मुलूख कालव्याच्या पाण्यावर पोसलेला. ऊस, गुऱ्हाळे, आणि हंगामात हवेत भरून राहिलेला रसाचा गोड वास. मात्र गाव ओलांडून उजवीकडच्या फाट्याला वळले, की हे हिरवे वैभव हळूहळू मागे राहते. माळ लागतो, कुसळी गवत लागते, आणि समोर उघडाबोडका डोंगर उभा राहतो. त्यावर भुलेश्वर. यवतपासून हे अंतर दहाएक किलोमीटर. देऊळ पुरंदर तालुक्यातल्या माळशिरसच्या हद्दीत येते. पण वाट यवतचीच, आणि वाटेचे नाव गावाने मिळवावे यात गैर काही नाही.

नावाची कथा गोड आहे. पार्वतीने नृत्य करून शंकराला येथे भुलवले, म्हणून तो भुलेश्वर. पाहणाऱ्याला मात्र पहिल्या दर्शनी भुलण्यासारखे काही दिसत नाही. खालून दिसतात त्या भिंती, बुरूज आणि नंतरच्या काळातले चुनेगच्ची घुमट नि मनोरे. देवळापेक्षा एखादी गढी वाटावी असा थाट. त्यालाही इतिहास आहे. आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने १६३० च्या सुमारास पुणे उद्ध्वस्त केले आणि त्यावर गाढवाचा नांगर फिरवला, असे सांगतात. त्यानेच पुणे प्रांतावर नजर ठेवण्यासाठी या डोंगरावर किल्ला बांधला. त्याचे नाव दौलतमंगळ. पुढे जिजाबाई आणि शिवाजी महाराज यांनी पुणे पुन्हा वसवले. आज किल्ल्याचे थोडे अवशेष उरले आहेत. ज्याचा पहारा द्यायला किल्ला आला, ते शहर मोठे झाले. आणि किल्ल्याच्या आधी साडेतीनशे-चारशे वर्षे जे देऊळ येथे होते, ते यादवकालीन देऊळ अजून उभे आहे.

आत शिरायला एक अरुंद दरवाजा. त्यातून पुढे गेले की अंधारात पायऱ्या वळतात. शहरातून आलेला माणूस येथे भिंत चाचपतो. वर आले की एकदम नंदी समोर येतो, आणि डोळे अंधाराला सरावले की ध्यानात येते, आपण कोरलेल्या काळ्या पाषाणाच्या पोटात उभे आहोत. खांबांवर, तुळयांवर, भिंतींवर मोकळी म्हणून जागा नाही. खाली हत्ती-घोड्यांच्या रांगा, वर वेलबुट्टी, मध्ये देवता आणि नर्तकी. गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणेचा मार्ग आहे. तेच येथले मुख्य दालन. बाहेरून कोट आणि आत उघडे आकाश, त्यामुळे सूर्य सरकेल तशी एकेक मूर्ती उजळत जाते. उएनोला दिवे लावण्यासाठी तज्ज्ञ नेमलेले असतात. येथे ते काम सूर्य करतो. मात्र त्याची वेळ आपल्याला सांभाळावी लागते. सकाळी लवकर जावे, हाताशी विजेरी ठेवावी.

मुलांना नुसते "बघा" म्हटले तर ती पाच मिनिटांत कंटाळतात. त्यांना शोधायचे काम द्यावे. महाभारत ठाऊक असलेल्या मुलाला सांगावे, शरपंजरी पडलेले भीष्म हुडकून काढ. दुसरीला द्रौपदीचे स्वयंवर शोधायला लावावे. आणि सर्वांना मिळून एक कोडे घालावे: येथे एक गणपती आहे आणि तो गणपती नाही! गाभाऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर, वरच्या बाजूला ती बसली आहे. मुख गजाचे, देह स्त्रीचा. हिला वैनायकी म्हणतात. गणेशाचे हे स्त्रीरूप आपल्या देवळांतून विरळा. जगातल्या कोणत्याही संग्रहालयाने तिच्यासाठी स्वतंत्र खोली दिली असती. येथे ती इतर देवींच्या पंक्तीत मुकाट्याने बसली आहे, आणि अर्धेअधिक लोक मान वर न करता तिच्याखालून निघून जातात.

आता जे सांगायचे ते सांगताना जीव हळहळतो. येथल्या कितीतरी मूर्तींना मुखे नाहीत. आक्रमणाच्या काळात हातोडे पडले ते नेमके चेहऱ्यावर आणि हातांवर. कंबरेची वळणे आहेत, पैंजणांचे मणी मोजता येतात, वस्त्राच्या चुण्या आहेत. वर मान नाही. एका नर्तकीपुढे मी बराच वेळ उभा होतो. शेजारी एक खेडवळ आजी प्रदक्षिणा घालत होत्या. प्रत्येक मूर्तीच्या पायाला हात लावून तो कपाळाला टेकवीत त्या पुढे सरकत होत्या. फुटलेली आणि धड असा भेद नव्हता. मी म्हणालो, "आजी, केवढी सुंदर मूर्ती, पण पार फोडलीय बघा." त्यांनी मूर्तीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "डोकं न्हाई म्हून काय झालं? नाचतीया की!"

मी पुन्हा पाहिले. खरेच ती नाचत होती. उचललेला गुडघा, एका पायावर तोललेला सारा भार, कंबरेतून वर चढत गेलेली लय. शिल्पकाराने नाच चेहऱ्यावर ठेवलेलाच नव्हता, तो अंगभर वाटून ठेवला होता. हातोड्याला तो सगळा सापडला नाही. संग्रहालयाच्या पाटीवर 'भग्न' असे लिहिलेले असते, आणि आपण आधी पाटी वाचतो. आजींना वाचता येत होते की नाही, कुणास ठाऊक. त्यांनी मूर्ती पाहिली होती.

म्हणून काचेची कपाटे वाईट आणि भक्तांचे हात चांगले, असा निवाडा करून घरी यावे का? तसे करता येत नाही. त्याच मार्गात, त्याच दिवशी, एका कोरीव खांबावर कुणी खिळ्याने आपले आणि आपल्या प्रियेचे नाव कोरलेले होते, बाणासकट. दुसऱ्या एका देवीच्या अंगावर तेलाचा असा थर साचला होता की दागिन्यांची कोरीव कड त्यात बुजून गेली होती. तेल वाहणाऱ्याच्या मनात भक्तीच होती. पण बोटभर जाडीच्या तेलाखाली देवीही दिसत नाही आणि शिल्पकारही. देऊळ संरक्षित स्मारक आहे. पण श्रावणातल्या सोमवारी आणि महाशिवरात्रीला लोटणाऱ्या गर्दीत एकेका मूर्तीपाशी पहारेकरी कोण उभा करणार? चित्राला उजेड बाधतो म्हणून त्याला अंधारात निजवणारी ती जपानी काळजी, आणि बिनडोक्याच्या नर्तकीला नमस्कार करणारी ही आजींची माया, या दोन्ही एकाच माणसाच्या ठायी असायला हव्यात. तसा माणूस परदेशातून मागवता येणार नाही. तो आपल्या घरातूनच तयार व्हायला हवा, आणि त्याचे शिक्षण आठव्या-नवव्या वर्षी, मूर्तीपासून एक हात दूर उभे राहून, सुरू व्हायला हवे.

तेव्हा सुटीत एक दिवस काढावा. पहाटे पुणे सोडले तर कोवळ्या उन्हात भुलेश्वरी पोचता येते. हातात पाणी, डोक्याला टोपी, मुलांच्या वहीत पेन्सिल. रंग, खडू काही नको. वैनायकीचे चित्र ज्याला साधेल त्याने काढावे. गाभाऱ्यात प्रसादाच्या पेढ्यांचा चमत्कार सांगतील तो ऐकावा, देवाला हात जोडावे. मग कोटाच्या कडेला येऊन उत्तरेकडे पाहावे. खाली कालव्याच्या पाण्याने आखलेले हिरवे तुकडे आणि गुऱ्हाळांचे धूर दिसतात. त्यापलीकडून सोलापूरचा रस्ता जातो आणि त्यावरून मोटारी पळत असतात. उतरताना यवतला थांबून भाकरी खावी. वारीचे दिवस नसले तरी पिठले मागितले तर मिळते.